हापूसची माशी, केनियाची बाग

(दृश्य : पाडाला आलेला आंबा, त्यावर बसलेली माशी, अगदी जवळून.)

आकार जेमतेम घरमाशीएवढा. पाठीवर दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी 'टी'सारखी काळी खूण. ही फळमाशीची मादी आहे. पोटाच्या टोकाची सुई ती सालीत खुपसते, आत अंडी घालते आणि उडून जाते. मागे राहतो टाचणीच्या टोकाएवढा डाग. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि गर पोखरू लागतात. मग वरून कितीही फवारा, आतल्या अळीला औषध पोहोचत नाही.

२००३ साली ही माशी केनियात सापडली. आंब्यावरच्या तिथल्या मूळच्या फळमाश्या आफ्रिकेत होत्याच. ही आशियातून आलेली. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नवी जात ठरवून नाव दिलं. २०१५ मध्ये उलगडा झाला, की ती 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस'च आहे. आपल्या कोकणात हापूस नासवते ना, तीच!

तोवर ती पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत पोहोचली होती. आंबा नसेल तर पेरू, पेरू नसेल तर पपई. तिला काहीही चालतं. शिवाय तिच्यावर जगणारे शत्रू कीटक मागे आशियातच राहिले होते.

२०१४ मध्ये केनियाने युरोपची आंबा निर्यात स्वतःहून थांबवली. त्याच वर्षी १ मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तीही फळमाशीमुळेच. ऐन हंगामात. आपली बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली; केनियाला २०२१ उजाडलं.

(दृश्य : बागेत उभारलेला जाळीचा तंबू.)

उपाय आहेत. मिथाइल युजेनॉल या रसायनाच्या वासावर नर माश्या धावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा त्यावरच चालतो. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटक-संशोधन संस्थेने माशीच्या अंड्यात अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशी हवाईहून आणून बागांत सोडली. आणि हा तंबू. गळलेली, किडकी फळं यात टाकायची. त्यांतून निघालेली फळमाशी आतच अडकते. त्याच फळांतून निघालेली गांधीलमाशी मात्र बारीक जाळीतून सुटते आणि पुन्हा बागेत कामाला लागते. इतकी साधी, इतकी नेमकी गोष्ट क्वचितच पाहायला मिळते.

पण एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बागेत फळं तशीच कुजत पडली, तर त्यांतल्या अळ्या मातीत उतरतात, कोषात जातात आणि साधारण दहा दिवसांत नव्या माश्या कुंपण ओलांडून येतात. म्हणून गळलेली फळं वेचायची ती सगळ्या वाडीने मिळून, हंगाम संपेपर्यंत.