षड्रिपू आणि षड्यंत्र

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'मुक्त विचारांचे अभ्यासक' म्हटलं. त्यांचे आभार, पण नोंद दुरुस्त करून घ्यावी. मी मुक्तीच्या वर्गातून काढून टाकलेला माणूस आहे. तेही लेखी. ते पत्र आज सोबत आणलंय. वेळ उरला तर वाचून दाखवीन. नाही उरला तरी दाखवीन.

मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि सांगायचं आहे ते एवढंसंच. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत आणि दोघांच्याही पोटात सहाचा आकडा आहे: षड्रिपू आणि षड्यंत्र. पहिल्यातले शत्रू आत बसलेले, दुसऱ्यातले बाहेर. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी शतकानुशतकं तीच आहे. षड्यंत्रवाल्यांची यादी दर वर्षी सुधारित निघते. माझं म्हणणं असं, की मुक्तीची सगळी शब्दसंपत्ती पहिल्या घरातून उचलून दुसऱ्या घरात हलवली गेली, आणि हलवताना एक वस्तू वाटेत पडली. कोणती, ते शेवटी सांगतो. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, म्हणजे त्यांनाही उत्सुकता आहे.

ही भाषा तुमच्या कानावरून गेलेली आहेच. जग हा तुरुंग, समोर दिसतं तो पडदा, पडद्यामागे मूठभर माणसं, बाकी सगळी मेंढरं, आणि जाग येणं हाच मोक्ष. १९९९ सालच्या 'द मॅट्रिक्स' चित्रपटातली, खरं जग दाखवणारी लाल गोळी लोक आता बोलण्यातच गिळतात. शार्लट वॉर्ड आणि डेव्हिड व्होस या दोन अभ्यासकांनी २०११ साली या मिश्रणाला 'कॉन्स्पिरिच्युॲलिटी' असं नाव दिलं. यात दोन श्रद्धा एकत्र नांदतात, असं ते म्हणतात: एक गुप्त गट सगळं चालवतोय ही एक, आणि माणसाची जाणीव मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावर आहे ही दुसरी. नाव जिभेला जड आहे. मी त्याला 'गूढकट' म्हणतो. नाही हसलात. असू द्या.

तर माझी गोष्ट.

मी तिशीत होतो. नोकरी होती, झोप नव्हती. एका ओळखीच्या माणसाने मला एका अभ्यासवर्गाला नेलं. 'आम्ही गुरू मानत नाही' हे तिथलं पहिलं वाक्य, आणि बैठकीचा वार गुरुवार. तेव्हाच हसलो असतो तर चौदा महिने वाचले असते.

खोली साधी. घडीच्या खुर्च्या, एक फळा, आणि दारापाशी टेबलावर हजेरीची वही. हो, हजेरी! लाल कापडी पुठ्ठ्याची वही, पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधलेली, कारण जागृत माणसंसुद्धा पेन्सिली नेतात. प्रत्येकाच्या नावापुढे एक अक्षर असायचं. 'नि' म्हणजे निद्रिस्त, 'कू' म्हणजे कूस बदलणारा, 'जा' म्हणजे जागृत. मला पहिल्याच महिन्यात 'कू' मिळाला. इतक्या लवकर फार थोड्यांना मिळतो, असं सांगण्यात आलं. मी घरी तरंगत गेलो. पुढचे तेरा महिने मी नुसता कूस बदलत होतो.

वर्ग चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही 'सर' म्हणायचो. बोलायचे फार छान, हे आजही कबूल करतो. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः शोधा," हे त्यांचं पालुपद. असं कुणी म्हटलं की त्याच्यावर ताबडतोब विश्वास बसतो. मोबाइल दाराबाहेर एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, कारण 'ते' ऐकतात. खोलीत घड्याळ नव्हतं, कारण काळ हीसुद्धा 'त्यांचीच' सोय. परिणाम असा, की किती वाजले ते बघायला दर थोड्या वेळाने कुणीतरी उठून डब्याचं झाकण उघडायचं, आणि 'त्यांना' आमची चर्चा हप्त्याहप्त्याने ऐकायला मिळायची.

एका गुरुवारी मी विचारलं, "सर, 'ते' एवढे सर्वशक्तिमान आहेत, तर आपली बैठक बंद का पाडत नाहीत?"

सर शांतपणे म्हणाले, "कारण ती चालू राहावी अशीच त्यांची इच्छा आहे."

"मग दर गुरुवारी इथे येऊन आपण त्यांच्याच मनासारखं करतोय का?"

शेजारच्या बाई वहीत काही लिहीत होत्या, त्या थांबल्या. सर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा प्रश्न तुम्ही विचारत नाही आहात. तुमच्यातून कुणीतरी विचारतंय."

मंडळी, तुम्ही हसताय. मी नाही हसलो. मी त्या रात्री अंथरुणावर बसून खरोखर तपासत होतो, की माझ्यातून कोण विचारतंय. या वाक्याची ताकद अशी आहे, की ज्याने तपासायचं त्याच्यावरच ते संशय ठेवून जातं. पुढे आठवडाभर मी कार्यालयात साध्या कागदावर सही करतानाही थांबायचो.

त्यातून बाहेर पडलो तो आज्ञाधारकपणामुळे. 'स्वतः शोधा' म्हणाले होते ना, मी शोधलं. सरांच्या फळ्यावर त्रिकोणाच्या टोकाला नेहमी एक नाव असायचं: इल्युमिनाटी. मी ग्रंथालयात जाऊन त्यांच्यावर जे मिळेल ते वाचून काढलं. वाचता वाचता घाम फुटला. भीतीने नाही, ओळखीने.

१ मे १७७६ ला आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियात इंगोलश्टाट इथे ॲडम वाइसहाउप्ट नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने ही मंडळी स्थापन केली. सुरुवातीला सगळे मिळून पाच जण. उद्देश काय, तर अंधश्रद्धेतून आणि जुलमी सत्तेतून माणसाचं मन सोडवायचं, आणि त्यासाठी आधी स्वतःला सुधारायचं. म्हणजे हा आत्ममुक्तीचाच वर्ग! वाइसहाउप्टने स्वतःचं टोपणनाव घेतलं स्पार्टाकस, बंड करणाऱ्या गुलामाचं. आणि या स्वातंत्र्यप्रेमी मंडळींचा नियम काय? नवशिक्याने दर महिन्याला स्वतःबद्दलचा अहवाल बंद पाकिटात वरिष्ठांकडे द्यायचा. वरिष्ठांनी त्याच्यावर नजर ठेवायची, टिपणं करायची, आणि पात्र वाटला तर वरची पायरी द्यायची. वर कोण बसलंय हे खालच्याला कळू द्यायचं नाही. १७८४-८५ मध्ये सरकारने बंदी घातली, कागद जप्त केले, १७८७ मध्ये ते छापूनही टाकले. जेमतेम दहा वर्षांचा संसार. पण १७९७ साली बारुएल हा फ्रेंच पाद्री आणि रॉबिसन हा स्कॉटिश शास्त्रज्ञ या दोघांनी आपापल्या ग्रंथांत फ्रेंच राज्यक्रांतीचं खापर यांच्यावर फोडलं, आणि मेलेली मंडळी अमर झाली.

पुढच्या गुरुवारी मी हे सगळं फळ्यावर मांडलं. शेवटी वहीकडे बोट दाखवून म्हणालो, "सर, ही वही त्यांचीच आहे." मला वाटलं होतं, आज 'जा' मिळणार.

मिळाला. आठ दिवसांनी पत्र आलं. पाठ आहे, ऐका: "आपण अद्याप स्वतंत्र विचार करण्याच्या अवस्थेस पोहोचला नसल्याने आपणांस वर्गातून मुक्त करण्यात येत आहे." चौदा महिन्यांत मिळालेली एकमेव मुक्ती ती. वहीत माझ्या नावापुढे 'जा' लिहिल्याचंही नंतर कळलं. क्रियापदाचा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे विषयाला आता हात घालायला हवा.

तरी एक गंमत सांगून टाकतो. कारस्थान-विचाराची एक शाखा कायद्यात शिरलेली आहे. तिचं म्हणणं असं, की जन्मदाखल्यावर आणि सरकारी कागदांवर मोठ्या रोमन अक्षरांत छापलेलं नाव तुमचं नसतंच. ते सरकारने उभं केलेलं बुजगावणं. कर, कर्ज, दंड सगळं त्याचं. तुम्ही हाडामांसाचे, स्वयंभू, मोकळे. २०१२ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात न्यायमूर्ती जॉन रूक यांनी घटस्फोटाच्या एका प्रकरणात या सगळ्या युक्तिवादांची सविस्तर चिरफाड केली. आता आपली गंमत बघा. देवनागरीत मोठी लिपी नाही आणि लहान लिपीही नाही. आपल्याला गुलाम करायचं तर बिचाऱ्यांना काना-मात्रेत काहीतरी सोय करावी लागेल.

आता आक्षेप. कुणीतरी विचारणारच, की कारस्थानं खरी नसतात का? असतात. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर काळ्या पुरुषांना झालेला उपदंश उपचार न करता नुसता पाहत बसले. १९५३ पासून तिथल्या गुप्तहेर खात्याने 'एमके-अल्ट्रा' नावाखाली माणसांना, कित्येकदा त्यांच्या नकळत, एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य देऊन मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग केले. १९७३ साली त्या कागदपत्रांची होळी करण्याचा हुकूम निघाला. तरीही १९७७ साली सुमारे वीस हजार पानं सापडली, कारण ती हिशेबाच्या कागदांत वेगळी ठेवलेली होती आणि होळी करणाऱ्यांना तिथली आठवण राहिली नाही. जाळणाऱ्यांना बिलं आठवली नाहीत! खरं कारस्थान असं असतं. त्याला बजेट लागतं, त्याच्याकडून चुका होतात, आणि ते उघड होतं ते कुणी पत्रकार, कुणी समिती, कुणी माहितीचा अर्ज करणारा चिवटपणे कागद मागत राहतो म्हणून. तिसरा डोळा उघडून एमके-अल्ट्रा कुणाला दिसला नाही.

आता वाटेत पडलेली वस्तू. भरभर सांगतो.

१९४५ साली वरच्या इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात तेरा जुन्या पोथ्या सापडल्या. त्यांतल्या बऱ्याच नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानाने मुक्ती मानणाऱ्या प्राचीन पंथांच्या. त्यांतल्या काहींचं सांगणं असं, की हे जग खऱ्या परमेश्वराने केलेलं नाही. एका दुय्यम, आंधळ्या निर्मात्याने केलंय, आणि आर्कॉन म्हणजे त्याचे अधिकारी आत्म्याला इथे डांबून ठेवतात. ज्ञान झालं की सुटका. आजच्या गूढकटाचा सांगाडा इथेच आहे. डेव्हिड आइक हे गृहस्थ आधी फुटबॉलचे गोलरक्षक, मग टीव्हीवरचे क्रीडा-निवेदक, आणि पुढे सरपटणाऱ्या वंशाची जगावर सत्ता आहे हे सांगणारे. तेही आर्कॉनांवर भरभरून बोलतात. सगळीकडून हल्ला येतोय असं वाटणं हा गोलरक्षकाचा व्यवसायधर्मच म्हणा.

ऐकायला हे आपल्या मायेसारखंच वाटतं, आणि आपली माणसं तिथेच फसतात. वेदान्तातली दोरी आठवा. अंधारात दोरीवर साप दिसतो. पण साप दाखवण्यात दोरीचा काही स्वार्थ नसतो! मायेला मालक नाही, लाभार्थी नाही. म्हणून तिथे शिल्लक राहणारा प्रश्न असा, की साप दिसतोय कोणाला? गूढकटात प्रश्न बदलतो: दोरी ठेवली कोणी? पहिला प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःकडे वळावंच लागतं. दुसऱ्यात त्याची गरजच नाही, तो आयुष्यभर दोरी ठेवणाऱ्याच्या मागावर राहू शकतो, आणि दर वर्षी नवा सापडतो. हलवताना पडला तो हा बघणारा. काम-क्रोध-लोभ तसेच राहिले, वर त्यांना देशभक्तीचं किंवा जागृतीचं ओळखपत्र मिळालं.

आणि मालक म्हटला की त्याला चेहरा लागतो. तो चेहरा फार वेळा कुणा दुबळ्या समाजाचा निघतो. ज्यूंच्या गुप्त बैठकांचा वृत्तांत म्हणून १९०३ साली रशियात छापलेला दस्तऐवज बनावट आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ सालीच पुराव्यानिशी दाखवलं होतं. त्यानंतर त्याच्या जोरावर काय काय झालं ते सांगायला दोन मिनिटं पुरणार नाहीत, आणि माझ्याकडे आता दोनच आहेत.

जे. कृष्णमूर्तींवर खरं तर अर्धा तास बोलणार होतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मद्रासच्या अड्यार किनाऱ्यावर थिऑसॉफिकल सोसायटीवाल्यांनी भावी जगद्गुरू म्हणून 'शोधला', १९११ साली त्याच्यासाठी संघ काढला, आणि ३ ऑगस्ट १९२९ ला हॉलंडमध्ये ओमेन इथे, तीन हजारांवर अनुयायांसमोर, चौतिसाव्या वर्षी त्याने तो संघ स्वतः बरखास्त केला. मिळालेला वाडा आणि जमिनी परत केल्या. हजेरीची वही बंद करणारा मालक मला इतिहासात हा एकच माहीत आहे. आणि तरी पुढे सत्तावन्न वर्षं लोक त्यांना विचारत राहिले, की आता आम्ही काय करायचं?

घंटा झाली. प्रश्न खाली उतरून घेतो. ते पत्र इथे टेबलावर ठेवतोय, ज्यांना बघायचंय त्यांनी जरूर बघा. लॅमिनेट करून घेतलंय, हाताळायला हरकत नाही. फक्त जाताना आठवणीने परत द्या.