दहाव्या रस्त्यावरचा मुलगा

नमस्कार श्रोतेहो.

मी मूळची खडकीची. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आजही मातीचं मैदान येतं, आणि केस उडवत डाव्या-उजव्यांना चकवत निघालेले आमच्या खडकीचे धनराज पिल्ले. पण आज मी बोलणार आहे ते बर्फावरच्या हॉकीबद्दल आणि ती खेळणाऱ्या मॅकलिन सेलेब्रिनी या मुलाबद्दल. १९९७ साली मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले. पुणे आणि सॅन होजे १९९२पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे माहेरातून बहिणीच्या घरी आल्यासारखंच वाटलं. आणि या घरचा संघ म्हणजे सॅन होजे शार्क्स.

मी आले त्याच वर्षी शार्क्सनी पॅट्रिक मार्लो नावाचा सतरा वर्षांचा मुलगा निवडला होता. तो पोरसवदा असताना मी त्याला पाहिलं आणि त्याच्या कानशिलांवरचे केस पिकेपर्यंत पाहिलं. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, त्याच्याइतके सामने कुणीच खेळलेलं नाही: १,७७९. २०१६ साली आम्ही स्टॅन्ले कपच्या, म्हणजे या लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत गेलो आणि पिट्सबर्गकडून हरलो. त्यानंतर जुनी माणसं एकेक करून संघ सोडून गेली आणि संघ उतरणीला लागला.

किती उतरणीला? नोव्हेंबर २०२३मध्ये लागोपाठ दोन सामन्यांत आमच्यावर दहा-दहा गोल झाले. मोसमातले पहिले अकरा सामने आम्ही हरलो. ८२ सामन्यांत एकोणीस विजय, आणि सगळ्या लीगमध्ये शेवटचा नंबर. तरी मी जात होते. ओळखीचे लोक विचारायचे, कशाला जाता? घरातलं माणूस आजारी पडलं तर आपण भेटायला जायचं थांबतो का, एवढंच मी म्हणायचे.

आता ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते. आयपीएलमध्ये लिलाव असतो, पैसेवाला बोली लावतो. इथे बोली नाही, पाळी असते. दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासची मुलं निवडली जातात, आणि मागे पडलेल्या संघांची पाळी आधी येते. मात्र पहिल्या पाळीसाठी कुणी मुद्दाम हरू नये म्हणून सोडत काढतात. आपल्याकडे म्हाडाची निघते तशीच. चौदा चेंडू यंत्रात फिरतात, त्यातले चार बाहेर येतात. शेवटच्या संघालाही पहिली पाळी मिळण्याची शक्यता साधारण चारात एक. मुलाला मात्र संघ निवडता येत नाही. चेंडू जिकडे नेतील तिकडे जायचं.

७ मे २०२४ला सोडत होती. टीव्हीवर एकेक पाटी उलटत होती. शेवटी दोनच नावं उरली, शिकागो आणि सॅन होजे. शिकागोला आदल्याच वर्षी पहिली पाळी मिळाली होती. मी हात घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या नंबरची पाटी उलटली, तिच्यावर शिकागो होतं. शार्क्सच्या इतिहासात पहिली पाळी पहिल्यांदाच आली होती.

आणि त्या वर्षी पहिला कोण, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. मॅकलिन सेलेब्रिनी. जन्म कॅनडातला, नॉर्थ व्हँकूव्हरचा. बॉस्टन विद्यापीठाकडून ३८ सामन्यांत ६४ गुण. गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून हे गुण मोजतात. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा होबी बेकर पुरस्कार त्याने सतराव्या वर्षी घेतला. इतक्या लहान वयात तो आधी कुणालाच मिळाला नव्हता.

पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. या मुलाचे वडील, रिक सेलेब्रिनी, गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघात खेळाडूंच्या तब्येतीचं काम पाहतात. त्या नोकरीसाठी सगळं कुटुंब इकडे राहायला आलं, आणि तेरा वर्षांचा मॅकलिन शार्क्सच्या मुलांच्या संघात, ज्युनियर शार्क्समध्ये खेळला. त्या संघाचं घर म्हणजे आमच्या दहाव्या रस्त्यावरचं आइस रिंक. माझी मुलगी तिथेच कठड्याला धरून स्केटिंग शिकली. बर्फाचा तो गार वास, बाकावर बुटांच्या नाड्या आवळणारे आईबाप, सगळं मला पाठ आहे. चौदा चेंडू फिरले आणि त्यांनी या मुलाला कुठे पाठवलं, तर तो जिथे खेळला होता तिथेच. अजूनही हे सांगताना माझा आवाज जड होतो.

१० ऑक्टोबर २०२४, सेंट लुईसविरुद्ध त्याचा पहिला सामना. पहिल्याच सत्रात त्याने गोल केला. साडेसतरा हजारांचं स्टेडियम एका वेळी उभं राहिलं. मग त्याने एक गोल करवलाही. सामना आम्ही जादा वेळेत ५-४ हरलो, आणि कमरेच्या दुखापतीमुळे पुढचे बारा सामने तो बाहेर बसला. परत आला आणि एकूण ७० सामन्यांत २५ गोल, ३८ पास असा मोसम काढला.

आकडे बाजूला ठेवा, त्याच्याकडे नुसतं पाहा. पक, म्हणजे ती रबरी चकती, हातची गेली की पुष्कळ चांगले खेळाडू क्षणभर मान टाकतात. हा त्याच क्षणी वळतो. दोन-तीन जोरदार ढांगा टाकून मागून गाठतो, समोरच्याच्या काठीखालून पक काढून घेतो आणि पुन्हा निघतो. अठराव्या वर्षी गोल मारण्याची हौस सगळ्यांनाच असते. मागे धावण्याची असलेली मुलं मी फार थोडी पाहिली. त्याचा मोठा भाऊ एडन बचाव फळीत खेळतो. घरच्या अंगणात भावाशी झुंजून ही सवय लागली असेल का, असं मला वाटत राहतं.

पहिल्या मोसमात तो जो थॉर्नटनच्या घरी राहिला. जो म्हणजे आमचा जुना, दाढीवाला थोर खेळाडू. एक पिढी दुसऱ्या पिढीला जेवू-खाऊ घालते आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं.

संघ मात्र त्या मोसमातही शेवटचाच राहिला. ८२ सामन्यांत वीस विजय. पण आता हरताना खुर्चीतून उठावंसं वाटत नाही. सोबतीला विल स्मिथ आहे (सिनेमातला नव्हे), गोलमध्ये अस्कारोव्ह आहे, आणि २०२५च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मायकल मिसा मिळाला आहे. सगळी विशीच्या अलीकडली-पलीकडली पोरं.

२०१९नंतर २०२५पर्यंत शार्क्स प्लेऑफमध्ये पोहोचले नव्हते. येत्या ऑक्टोबरात नवा मोसम सुरू होईल, माझं तिकीट काढून झालं आहे. गेल्या महिन्यात मी खडकीला भाच्याच्या मुलासाठी ७१ नंबरची जर्सी पाठवली, सेलेब्रिनीची. मुद्दाम दोन मापं मोठी घेतली. ती त्याच्या अंगाला नीट बसेल तोवर आम्ही प्लेऑफमध्ये असू, असं मी त्याला फोनवर सांगून ठेवलं आहे.