लाल रेघेची गोळी

राम राम मंडळी. एक सांगा, टीव्हीवर तेल, साबण, बाम सगळ्याची जाहिरात येते, पण बीपीच्या गोळीची पाहिली का कधी? नाही ना. पाकिटावर लाल रेघ आणि आरएक्स असलेल्या, शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करताच येत नाही. अमेरिकेत चालते बरं का, तिकडे टीव्हीवाला साईड इफेक्टही घडाघडा वाचून दाखवतो.

आता आमच्या मामांचं ऐका. मामा यावलकडचे, केळीवाले, शुगर जुनी. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेलो, तर एका तंबूवर बोर्ड, शुगर एकवीस दिवसांत मुळापासून खतम. मामांनी बाराशे मोजून डबा घेतला आणि डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या कोनाड्यात ठेवून. आठ दिवसांत पायाला मुंग्या, डोळ्यापुढे अंधारी, तपासली तर शुगर साडेतीनशे! मामा तडक पैसे मागायला परत यात्रेत, मी मागे मागे. तंबूत वैदूबुवा चहा पीत बसलेले, पोऱ्यावर ओरडत होते, "मना चहामा साखर कशाले टाकी रे?" आणि समोर गोळ्यांचं पाकीट, लाल रेघेचं! मामांनी उचललं, "हाई काय शे?" बुवा शांतपणे म्हणतात, "माले शुगर शे ना भाऊ, दहा वरीस व्हयनात."

पैसे मिळाले, पण आठशेच.

तर कायदा आहे, १९५४ चा, जादुई उपायांच्या जाहिरातींचा. त्याच्या यादीत मधुमेह आहे, कॅन्सर आहे. पुन्हा सांगतो, मधुमेह बरा करतो अशी जाहिरातच गुन्हा, मग डब्यात काहीही असो. पण पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि यात्रा उठली की तंबूवाला गेला पुढच्या गावी, इन्स्पेक्टरनं त्याला शोधायचं कुठं? मला विचाराल तर यात्रेत पाळण्याची तपासणी करतात तशी बोर्डांचीही पहिल्याच दिवशी करावी.

तोवर मोबाईल आहे ना हातात, लग्नात जेवणाच्या ताटाचे फोटो काढता, तसा बोर्डाचा काढा, गाव आणि तारीख लिहा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्यातल्या ऑफिसात द्या. बोर्डाचा फोटो, गाव, तारीख.

मामी त्या डब्यात आता ओवा ठेवते. चला, केळीचे भाव ऐका.