लोणेरे-दापोली: विद्यापीठं दोन, विभाग एक

[काजूचा कारखाना, वेंगुर्ले तालुका. कटरवरचे हात, जवळून]

वाफवलेली काजूबी रात्रभर गार झाली, आता फोडायची. बी पात्यांमध्ये धरायची, पायाने पॅडल दाबायचं. दोन बाकदार पाती टरफलात रुततात, दांडा फिरवला की टरफल उकलतं आणि गर अख्खा बाहेर येतो. पातं जरा खोल गेलं की झाली पाकळी. अख्ख्या गराचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा, कणीचा त्याहून खाली. ताईंच्या बोटांकडे पाहा. टरफलातल्या तेलाने कातडी जळते, म्हणून बोटांना आधी साधं तेल चोळलंय, वर राख.

[फळ संशोधन केंद्र, वेंगुर्ले. कलमांच्या रांगा]

हे केंद्र 1957 सालचं. इथल्या वेंगुर्ला-1 या काजूच्या जातीची बी साधारण 6 ग्रॅमची. 1981 च्या वेंगुर्ला-4 ची पावणेआठ. 1997 च्या वेंगुर्ला-7 ची तर 10 ग्रॅमची. बागांमध्ये या सगळ्या जाती आहेत, त्यामुळे बी चाळून वेगळी करावी लागते आणि प्रत्येक आकाराला पात्यांमधली फट नव्याने लावावी लागते. कलम कुठलं निवडायचं हे इथे ठरतं, आणि कटरचं माप तिकडे बदलतं. कलम निवडणारा आणि कटर बनवणारा, ही दोन माणसं एका टेबलावर बसायला हवीत.

[गाडीतून रस्ता, आंबेतचा पूल]

लोणेरे, गोरेगाव, आंबेत, मंडणगड, दापोली. एका टोकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, 1989 च्या कायद्याने झालेलं. दुसऱ्या टोकाला 1972 पासूनचं कोकण कृषी विद्यापीठ. या दोघांनी मिळून एकच विभाग काढावा, असं आमचं म्हणणं. दापोलीत कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहेच, आंबा देठासकट उतरवणारा नूतन झेलाही याच विद्यापीठाचा. मग लोणेरे कशाला? काजूच्या टरफलाचं तेल ब्रेक लायनिंगमध्ये जातं, रंगांमध्ये जातं. ते काम केमिकल, पेट्रोकेमिकलवाल्यांचं, आणि ते विभाग लोणेऱ्यात आहेत.

[लोणेरे, वर्कशॉप. लेथवर विद्यार्थी]

असा सामायिक विभाग चालतो कसा? अमेरिकेत अटलांटा शहरात जॉर्जिया टेक या सरकारी विद्यापीठाकडे अभियांत्रिकी होती, वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. एमोरी या खासगी विद्यापीठाकडे नेमकं उलटं. 1997 मध्ये दोघांनी मिळून बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा एकच विभाग काढला. प्राध्यापक दोन्हीकडचे, विभागप्रमुख एक, पीएचडीच्या पदवीवर दोघांचीही नावं. 2003 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल आणि रॅले इथल्या दोन सरकारी विद्यापीठांनीही हेच केलं. नुसत्या सामंजस्य करारावर त्यांनी भागवलं नाही, विभागच एक केला.

कोकणाला असा विभाग हवा, असं आम्ही ठामपणे म्हणतो. विद्यार्थ्याने एक सत्र बागेत काढावं, एक वर्कशॉपमध्ये, आणि मार्गदर्शक दोन्हीकडचा असावा. कृषी विद्यापीठ कृषी खात्याकडे, लोणेरे तंत्रशिक्षणाकडे, तेव्हा मंजुरी दोन्हीकडून लागेल. तोवर इथली शिकलेली पोरं पुण्या-मुंबईची वाट धरतात.

[वर्कशॉपमधलं टेबल. सुटं केलेलं कटर]

पहिल्या वर्षाची कामं आजच सांगता येतील. बीच्या आकाराप्रमाणे फट आपोआप जुळवून घेणारं कटर. फोडणाऱ्या बाईचा हात तेलाला लागणारच नाही अशी बी धरायची सोय. आणि टरफलातून तेल काढणारं, तालुक्याच्या कारखान्याला परवडेल एवढं लहान युनिट.