पाय ओढला, पण कुणी?

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजी वाक्प्रचारांत अवघड शब्दांनी माझी कधी फारशी फजिती केली नाही. केली ती सोप्या शब्दांनी. शाळकरी वयात एका गोष्टीत वाचलं, 'ही वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग.' शब्दन् शब्द ओळखीचा! आता आपल्याकडे पाय ओढणारा म्हणजे दुसऱ्याचं बरं न बघवणारा. त्या बिचाऱ्याला मी गोष्ट संपेपर्यंत खलनायक धरून बसलो. तो नुसती फिरकी घेत होता, हे पुष्कळ उशिरा कळलं. 'लेग' हा शब्द कोशात कोण बघतो? मेख तिथेच होती.

पायांचंच आणखी एक. 'ही गॉट कोल्ड फीट' ऐकून मोजे शोधायला धावू नका. ऐन वेळी त्याने कच खाल्ली, एवढंच.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचं-आपलं जुळतं. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे डोळेझाक करणं. याला नेल्सन या इंग्रज आरमारी सेनानीचा किस्सा जोडतात. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांच्या जहाजावरून लढाई थांबवण्याची खूण झाली, तेव्हा म्हणे या गृहस्थाने दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली. खूण दिसणार कशी?

दर्यावर्दींनी इंग्रजीला असं बरंच काही दिलंय. 'थ्री शीट्स टु द विंड' म्हणजे पिऊन तर्र. शीट म्हटलं की आपल्याला चादर आठवते, कागद आठवतो, फार तर जहाजाचं शीड. पण खलाशांच्या बोलीत शीट म्हणजे शिडाचा खालचा कोपरा आवळून धरणारा दोर. तो सुटला की शीड वाऱ्यावर नुसतं फडफडतं. तीन सुटले, की गलबत झिंगल्यासारखं झोकांड्या खातं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की अर्थ पाठ करावा लागत नाही.

आणि हो, अर्थ कळला म्हणून आतले शब्द बदलायला जाऊ नका. 'किक द बकेट' म्हणजे राम म्हणणं. बकेटच्या जागी बादलीचाच दुसरा शब्द, 'पेल', घालून बघा. माणूस मरत नाही, नुसती बादली लवंडते. आपल्याकडेही हातावर तुरी देऊनच पळतात. मसूर देऊन कुणी पळाल्याचं ऐकलंय कधी?