स्टोन आहे, पण दगड नाही

नमस्कार, श्रोतेहो.

२०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. पाटी बदलली, तरी जुन्या प्रवाशांच्या तोंडी अजून ‘एल्फिन्स्टन’च येतं. माझ्याही येतं. हे आडनाव ब्रिटनमध्येसुद्धा सहसा कानावर पडत नाही. मग ते आलं कुठून?

स्कॉटलंडमध्ये, एडिनबराच्या पूर्वेला, ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं एक खेडं आहे. हे आडनाव त्या गावाचं. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागतो, तसा तिकडे मध्ययुगात गावाच्या आधी ‘द’ (de) लावत. पुढे तो गळून पडला.

आणि नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘स्टोन’? तिथे दगडाचा काही संबंध नाही. जाणकार त्याची फोड करतात ती अशी: एल्फिन हे माणसाचं नाव, ‘स’ म्हणजे आपला चा-ची-चे, आणि ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतली वाडी. एल्फिनची वाडी! ‘स’ आणि ‘टन’ एकमेकांना चिकटले आणि वाचणाऱ्याला तिथे दगड दिसू लागला. मला तर ही फोड कळल्यापासून स्टेशनच्या त्या जुन्या पाटीत वाडीच दिसते.

या घराण्यातले बिशप विल्यम एल्फिन्स्टन मला फार मोठे वाटतात. १४९५ साली त्यांनी ॲबर्डीनचं विद्यापीठ उभारलं. स्कॉटलंडमध्ये छपाईची कला रुजवण्यातही त्यांचा हात होता.

तीनशेहून अधिक वर्षांनी तेच आडनाव आपल्या इतिहासात आलं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. पेशवाई बुडाली ती त्याच्या डोळ्यांदेखत. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी शिक्षणासाठी वर्गणी गोळा केली, आणि त्याच्या नावानं पुढे जे कॉलेज उभं राहिलं, तिथूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली बी.ए. झाले. स्टेशनचं नाव मात्र त्याचं नव्हे. ते त्याच्या पुतण्याचं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. तोही १८५३ पासून मुंबईचा गव्हर्नर होता.

ट्रॅनंटजवळच्या त्या मूळ गावात याच नावाची एक जुनी गढी होती. तो पट्टा कोळशाच्या खाणींचा. खाली पोखरलेली जमीन खचू लागली आणि विसाव्या शतकात गढीचा बराचसा भाग पाडावा लागला. गाव अजून आहे, त्याच नावानं.