कपाळ टेकायला पाक जागा

(दृश्य : फरशीवर उलगडत जाणारी जानमाज. हात फिरवून कोपरा सरळ केला जातो.)

जानमाज साधारण 110 सेंटीमीटर लांब, 70 सेंटीमीटर रुंद. एका माणसाला उभं राहायला, रुकूत वाकायला, सजद्यात कपाळ टेकायला आणि गुडघे मोडून बसायला एवढी जागा पुरते. फारसीत ‘जा’ म्हणजे जागा, म्हणून नमाजेची जागा ती जानमाज. कुणी मुसल्ला म्हणतं. अरबीत सज्जादा, त्या शब्दातच सजदा आहे.

नमाजेला जानमाज असलीच पाहिजे, असा नियम मात्र नाही. लागते ती पाक, म्हणजे धर्माच्या दृष्टीने शुद्ध, जागा. पैगंबरांनी मातीवर नमाज पढली आहे, खजुरीच्या पानांच्या लहानशा चटईवरही पढली आहे. या चटईला हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींत, ‘खुमरा’ म्हटलंय. पैगंबरांचे साथीदार हजरत अनस एका चटईची हकिकत सांगतात. वापरून वापरून ती काळी पडली होती. त्यांनी तिच्यावर पाणी शिंपडलं आणि पैगंबर तिच्यावर नमाजेला उभे राहिले.

ही काळी पडलेली चटई लक्षात ठेवा, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. मळकं आणि नापाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूळ, घाम, चहाचा डाग यांनी जानमाज मळते, नापाक होत नाही. तान्ह्या बाळाची लघवी किंवा रक्त सांडलं, तर ती जागा धुवावीच लागते.

(दृश्य : बादलीत जानमाज. पिळणारे हात.)

कसं धुवायचं? हनफी (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार शाखांपैकी एक) पद्धत अशी : डोळ्यांना दिसणारी घाण असेल तर ती निघेपर्यंत धुवायचं. घासूनही न जाणारा फिकट डाग माफ आहे. लघवी वाळून दिसेनाशी झाली असेल, तर तीन वेळा धुवायचं आणि दर वेळी पिळायचं. जाड गालिचा पिळता येत नाही, तेव्हा दर वेळी पाणी ठिबकायचं थांबू द्यायचं, मग पुढचं पाणी. घाईत ओल्या फडक्याने नुसतं पुसलं, की तळहाताएवढी नापाकी वीतभर पसरते.

आता अंथरणं. जानमाजेवर बहुधा कमान विणलेली असते. ती मिहराबीची खूण, मशिदीत किब्ल्याची, म्हणजे मक्केतल्या काबागृहाची, दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची. कमानीचं टोक काबागृहाकडे. कमान उलटी पडली तरी नमाज बिघडत नाही; तोंड किब्ल्याकडे हवं. नेहमीची चूक वेगळीच असते. जानमाज भिंतीला समांतर टाकली जाते, कारण तशी ती नीटनेटकी दिसते. किब्ला भिंतीला तिरपा असेल तर जानमाजही तिरपीच टाकायची.

दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर बघणार असाल, तर लोखंडी कपाट, पलंग, स्पीकर यांच्यापासून लांब उभे राहा. लोखंड आणि लोहचुंबक जवळ असले की काटा भरकटतो. त्याहून खात्रीचा उपाय आकाशात आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबागृहाच्या माथ्यावर येतो : 28 मेच्या सुमारास सौदी वेळेनुसार दुपारी 12:18 ला आणि 16 जुलैच्या सुमारास 12:27 ला. त्या क्षणी जिथून सूर्य दिसतो, तिथे सूर्याकडे तोंड म्हणजेच किब्ल्याकडे तोंड. उभ्या काठीची सावली बरोबर उलट दिशेला पडते. त्या सावलीवरून फरशीवर एकदा खूण करून ठेवली, की काम झालं.

(दृश्य : अगदी जवळून, फरशीला टेकलेली पायाची बोटं. टोकं किब्ल्याकडे वळलेली.)

सजद्यात सात अवयव जमिनीला टेकतात : नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पावलांची बोटं. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज (बंधनकारक) रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तनं, 17, प्रत्येकीत दोन सजदे, म्हणजे 34 सजदे. सुन्नत आणि नफिल या फर्जापलीकडच्या रकाती वेगळ्या. जुन्या जानमाजेवर गुडघ्यांच्या जागी दोन विरलेले गोल दिसतात, वर कपाळाचा एक. उंच माणसाचं कपाळ कधी जानमाजेच्या पुढे फरशीवर टेकतं. फरशी पाक असली की झालं. मागच्या कडेला टाचा जुळवून उभं राहिलं, तर पुढे थोडी जागा मिळते.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी फोम भरलेल्या जानमाजी मिळतात. त्या चांगल्याच, पण एक बारकावा आहे. कपाळ नुसतं मऊ गादीला लागून चालत नाही. आणखी दाबलं जाणार नाही इतकं ते स्थिर टेकायला हवं. म्हणून कपाळाखाली जाड, लुसलुशीत फोम नको. पॉलिएस्टर मखमलीची तक्रार वेगळी : गुळगुळीत फरशीवर ती सजद्यातून उठताना सरकते. खाली रबराची जाळी घाला, नाहीतर सरळ सुती जानमाज घ्या.

नक्षी? जितकी कमी तितकी बरी, असं आम्हाला मनापासून वाटतं. पैगंबरांनी नक्षीदार चादर परत पाठवून साधी मागवली होती, कारण नमाजेत लक्ष नक्षीकडे गेलं. जिवंत प्राण्यांची चित्रं तर नकोतच.

शिया घरांत जानमाजेवर मातीची लहानशी टिकली असते, मोहर किंवा सजदागाह. त्यांच्या धर्मनियमांनुसार, म्हणजे फिक्‌हनुसार कपाळ मातीवर किंवा जमिनीतून उगवलेल्या, पण खाण्या-नेसण्याच्या नसलेल्या वस्तूवर टेकायला हवं. कापड त्यात बसत नाही. इतर अवयव जानमाजेवर, कपाळ मोहरेवर.

जमातीत, म्हणजे रांगेत सगळ्यांनी मिळून, नमाज असेल तर रुंद जानमाजी अडचणीच्या ठरतात. खांद्याला खांदा लागायला हवा, आणि प्रत्येक जण आपापल्या 70 सेंटीमीटरच्या मधोमध उभा राहिला की सफीत, म्हणजे रांगेत, फटी पडतात. मशिदीत म्हणूनच सलग गालिचा आणि सफीच्या रेषा.

(दृश्य : नमाज संपते. जानमाज उचलली जाते.)

नमाज झाल्यावर काही घरांत कोपरा दुमडून ठेवतात. न दुमडल्यास सैतान तिच्यावर नमाज पढतो, असं सांगतात. कुराण-हदीसमध्ये याला आधार नाही. पण उघडी पडलेली जानमाज पायाखाली येते, म्हणून घडी घालणं केव्हाही चांगलं. घालताना कपाळाची बाजू आत घ्या. पावलांच्या जागेची धूळ तिला लागू नये म्हणून आधी वरचा भाग त्याच्यावरच दुमडा, मग खालचा.